आल्बा लोंगा : चारशे वर्षांचं ठिगळ

रोमची जन्मकथा सांगताना बहुतेक जण थेट लांडगिणीपासून सुरुवात करतात. टायबरमध्ये सोडलेली जुळी मुलं, मग भावाचा खून, मग इ. स. पू. ७५३ मधली स्थापना. पण ही मुलं कोणत्या घरची? त्यांचा आजोबा न्युमिटर आणि त्याची गादी बळकावणारा भाऊ अमुलियस हे आल्बा लोंगाचे राजे. रोमच्या आग्नेयेला साधारण २० किलोमीटरवर आल्बन डोंगर आहेत. तिथल्या धारेवर लांबट पसरलेलं, म्हणून ‘लोंगा’, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. ट्रॉयहून आलेल्या ईनियसचा मुलगा अस्केनियस याने ते वसवलं, अशी कथा.

या नगराची खरी गरज पडली ती हिशेबासाठी. नीव्हियस आणि एनियस या जुन्या कवींनी जुळ्यांपैकी रोम वसवणाऱ्या रोम्युलसला सरळ ईनियसचा नातू करून टाकलं होतं. पण ग्रीक पंडित एराटोस्थेनिसच्या गणिताने ट्रॉयचा पाडाव गेला इ. स. पू. ११८४ मध्ये. तिथून ७५३ पर्यंत चारशेहून अधिक वर्षं उरतात, आणि ती एका नातवाच्या खांद्यावर पेलायची कशी? मग मधे आल्बाच्या राजांची लांबलचक रांग उभी राहिली. रांग जुळवताना फार डोकं चालवलेलं दिसत नाही. टायबेरिनस नदीत बुडाला म्हणून नदीचं नाव टायबर. अव्हेंटिनसला टेकडीवर पुरलं म्हणून ती अव्हेंटाइन. एकाचं तर नावच आल्बा! वर्जिलच्या महाकाव्यात खुद्द ज्युपिटर ईनियसला ३, अस्केनियसला ३० आणि आल्बाला ३०० वर्षं देऊन टाकतो. बेरीज ३३३. म्हणजे ठिगळ लावूनही शंभरएक वर्षं उघडीच. कवीला आकड्यांचा नाद हवा होता, जमाखर्च नव्हे.

शेवटही सोयीचाच. रोमचा तिसरा राजा ट्यूलस होस्टिलियस याच्या काळात रोमचे होराटी आणि आल्बाचे क्युरिआटी असे तीन-तीन भाऊ लढले आणि होराटींपैकी एकटा जिवंत राहिला. पुढे दगाबाजीबद्दल आल्बाचा सत्ताधीश मेट्टियस फुफेटियसला दोन रथांना बांधून फाडलं. देवळं सोडून सगळं शहर जमीनदोस्त केलं आणि रहिवाशांना रोमच्या सीलियन टेकडीवर वसवलं. अवशेष दाखवा, असं म्हणायला जागाच ठेवली नाही. आज आल्बानो गावात होराटी-क्युरिआटींची म्हणून दाखवली जाणारी समाधी प्रत्यक्षात कित्येक शतकं नंतरची आहे. १८१७ मध्ये कास्तेल गांदोल्फोजवळ झोपडीच्या आकाराचे मातीचे अस्थिकलश सापडले. आल्बन डोंगरांत लोहयुगातल्या वस्त्या होत्या, दफनभूमी होत्या. राजधानी म्हणावं असं शहर मात्र सापडलेलं नाही.

मला या सगळ्यात कथेपेक्षा आल्बन डोंगरावरचा उत्सव जास्त खरा वाटतो. आज माँते काव्हो म्हणतात त्या ९४९ मीटर उंच शिखरावर लॅटिन गावं दरवर्षी ज्युपिटर लॅटिॲरिसला बळी द्यायची आणि मांसाचे वाटे घ्यायची. वाटा मिळाला तरच तुम्ही लॅटिनांत. हे किती काटेकोर होतं पाहा : इ. स. पू. १९९ मध्ये आर्डियाचे दूत सिनेटपुढे आले, आम्हाला मांस मिळालं नाही म्हणून तक्रार केली, आणि सगळा उत्सव पुन्हा करावा लागला. १७६ मध्ये लॅन्युव्हियमच्या अधिकाऱ्याने प्रार्थनेत रोमन लोकांचं नाव घ्यायचं राहून गेलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. कॉन्सलनी हा उत्सव उरकूनच युद्धाला निघायचं. २१७ मध्ये फ्लॅमिनियस तसाच निघून गेला आणि ट्रॅसिमीन तळ्याकाठी हॅनिबलशी लढताना मारला गेला. रोमनांना कारण शोधत फिरावं लागलं नाही.

राजांची यादी ज्यांच्या खरी कामी आली ते म्हणजे ज्युलियस सीझरचं घराणं. सीलियनवर आलेल्या आल्बन कुळांत लिव्ही ज्युलींचं नाव घेतो, आणि अस्केनियसचंच दुसरं नाव युलस. डोंगराच्या पायथ्याशी बोव्हिली इथे या कुळाने वाहिलेली वेदी सापडली आहे. ती आल्बाच्या नियमाप्रमाणे अर्पण केल्याचं तिच्यावर कोरलंय. सीझर लाल बूट घालायचा आणि आल्बाचे राजे असेच घालत, असं सांगायचा. इ. स. पू. ४४ च्या जानेवारीत तो आल्बन डोंगरावरच्या याच उत्सवाहून रोमला परतला, तेव्हा गर्दीतून त्याला राजा म्हणून हाका आल्या. त्याने त्या नाकारल्या. मार्चमध्ये त्याचा खून झाला.

गंमत अशी, की त्याआधी दहाच वर्षं सिसेरोने भर न्यायालयात सांगितलं होतं : बोव्हिलीसारख्या गावांत आता उत्सवाचं मांस घ्यायला यायलाही माणूस मिळत नाही. त्याच ओस बोव्हिलीत इ. स. १६ च्या अखेरीस ज्युली कुळाचं देवस्थान आणि ऑगस्टसची मूर्ती यांची प्रतिष्ठापना झाली.