ख्रिश्चन आन्फिन्सेन आणि प्रथिनांच्या त्रिमितीय रचनेचे रहस्य

प्रस्तावना

सजीव पेशीतील बहुतेक सर्व रासायनिक क्रिया प्रथिनांमार्फत घडून येतात. अमिनो आम्लांची साखळी दुमडून तिला नेमकी त्रिमितीय रचना प्राप्त झाली, तरच बहुतेक प्रथिने कार्यक्षम ठरतात. ही रचना साखळीला पेशीतील एखाद्या साच्यामुळे मिळते की ती साखळीतच अंगभूत असते, हा विसाव्या शतकाच्या मध्यास जैवरसायनशास्त्रापुढील मूलभूत प्रश्न होता. त्याचे प्रायोगिक उत्तर देणारे अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन आन्फिन्सेन (१९१६-१९९५) यांच्या संशोधनकार्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

संशोधनाची जडणघडण

आन्फिन्सेन यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील मोनेसेन येथे झाला. १९३९ मध्ये ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत अभ्यासासाठी गेले. परंतु महायुद्धामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले. १९४३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यानंतर १९५० पासून त्यांनी बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये संशोधन केले. १९५४ मध्ये ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रोम-लांग यांच्याकडे पुन्हा गेले. प्रथिनांच्या रचनेकडे भौतिक रसायनशास्त्राच्या अंगाने पाहण्याची त्यांची दृष्टी तेथे अधिक पक्की झाली.

रायबोन्यूक्लिएजचा प्रयोग

आन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे विकर निवडले. त्याच्या साखळीत १२४ अमिनो आम्ले असून आठ सिस्टीन घटकांमधील चार डायसल्फाइड बंध तिची घडी बांधून ठेवतात. युरियाच्या तीव्र द्रावणात मर्कॅप्टोइथेनॉलची क्रिया केली असता हे बंध तुटून साखळी उलगडते आणि विकराची क्रियाशीलता नाहीशी होते. ही दोन्ही रसायने काढून टाकून हवेतील ऑक्सिजनशी संपर्क येऊ दिला असता मात्र विकर जवळजवळ पूर्णपणे क्रियाशील झाले.

या निष्कर्षाचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होते. आठ सिस्टीन घटकांच्या चार जोड्या ७ × ५ × ३ × १, म्हणजे १०५ प्रकारे जुळू शकतात. त्यांपैकी योग्य प्रकार एकच. युरियाच्या उपस्थितीतच बंध जुळू दिले असता क्रियाशीलता सुमारे एक टक्काच आढळली, कारण जोड्या यदृच्छेने जुळल्या होत्या. नंतर युरिया काढून मर्कॅप्टोइथेनॉलचा अल्पांश मिसळला असता चुकीचे बंध सुटून योग्य बंध जुळत गेले व मूळ क्रियाशीलता परत आली. यावरून अमिनो आम्लांचा अनुक्रमच अनुकूल परिस्थितीत रचना ठरवितो आणि ती रचना ऊर्जेच्या दृष्टीने सर्वाधिक स्थिर असते, असे अनुमान निघाले. या कार्याबद्दल आन्फिन्सेन यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्टॅनफर्ड मूर व विल्यम स्टाइन यांच्यासमवेत मिळाले.

सिद्धांताच्या मर्यादा

परीक्षानळीत ही घडी पडण्यास पेशीतील प्रक्रियेच्या तुलनेत फार वेळ लागत असे. ही विसंगती आन्फिन्सेन यांनी दृष्टीआड केली नाही. चुकीच्या बंधांची अदलाबदल वेगाने घडविणारे विकर त्यांच्या गटाने १९६० च्या दशकात शोधून काढले. पुढे साखळ्यांना गोळा होण्यापासून वाचविणारी सहायक प्रथिनेही ज्ञात झाली. ही प्रथिने घडीस साहाय्य करतात. अंतिम रचनेची माहिती पुरवीत नाहीत. दुसरीकडे, प्रायॉनसारख्या उदाहरणांत एकच अनुक्रम भिन्न रचना धारण करून रोगास कारणीभूत होतो. त्यामुळे आन्फिन्सेन यांचा नियम सरसकट लागू करता येत नाही.

समारोप

केवळ अनुक्रमावरून रचनेचे भाकीत करण्याच्या प्रयत्नांमागे हाच विचार होता. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने त्यात मोठे यश मिळविले आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने या क्षेत्रातील कार्याचा गौरव झाला. तथापि, अंतिम रचना सांगता येणे आणि साखळी तेथवर कोणत्या मार्गाने पोहोचते हे समजणे, या दोन भिन्न गोष्टी होत. अध्यापनाच्या दृष्टीने पाहता, क्रियाशीलता परत येण्याइतकाच ती परत न येण्याचा प्रयोगही निर्णायक ठरला, ही बाब विद्यार्थ्यांच्या आवर्जून निदर्शनास आणून देण्याजोगी आहे.