ओढू नका, शेकून काढा!

नवीन स्टीलच्या ताटावरचं लेबल तुम्ही कसं काढता? नखानं खरवडलं तर निम्मं निघतं, निम्मं तिथंच बसतं आणि मग त्यावर कायमचा काळा चिकटा धरतो. पण तेच ताट उलट्या बाजूनं क्षणभर गॅसवर शेकलं, की लेबल कसं सायीसारखं अलगद निघून येतं. नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी शिकवलेली ही युक्ती. पुढे कधी ती एका स्पोर्ट्‌स कारच्या कामी येईल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं!

झालं असं, की एका रविवारी सकाळी माझा भाचा गाडी घेऊन दारात हजर. "मावशी, तुझ्या अंगणात सावली आहे ना, जरा काम आहे." हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय वर्षं सव्वीस, शेंद्र्याला नोकरीला. सहा महिन्यांपूर्वी त्यानं कर्ज काढून दोन दारांची एक जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कार घेतली. तेव्हापासून बहिणीचं बीपी वर आणि पोराची कॉलर ताठ!

तसं आमच्या छत्रपती संभाजीनगरला (तोंडात अजूनही औरंगाबादच येतं बघा) गाड्यांचं वेड नवं नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, पुढे शेंद्र्याला स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या जुळायला लागल्या. २०१० मध्ये तर गावातल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातमी झाली होती त्याची. अशा गावातलं पोर ते. त्याला डिकीवरचा कंपनीचा छोटासा स्पॉयलर काढून त्या जागी कार्बन फायबरची मोठी, उंच विंग बसवायची होती. चाळीस हजारांची विंग मुंबईहून मागवून झाली होती. आईला अर्थातच सांगितलं नव्हतं.

सोबत त्याचा एक मित्र होता. त्यानं आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर स्पॉयलरच्या खाली घातला आणि दिला जोर. टक्‌ करून आवाज आला. स्पॉयलर जागच्या जागी आणि डिकीच्या रंगाचा मात्र चांगला रुपयाएवढा टवका उडाला. भाच्याचं तोंड एवढंसं झालं.

नेमकी त्याच वेळी आमच्या बचत गटातली एकजण पासबुकावर सही घ्यायला आली होती. ("ताई, पेपरात माझं नाव नका टाकू," असं तिनं बजावलंय, म्हणून टाकत नाही.) दारातूनच ती ओरडली, "अरे बाबांनो, ओढू नका! तो ओढून निघायला नाही बसवलेला!"

पोरं चकित. मीही चकित. आठ वर्षं ती गटात आहे, पण वाळूजच्या एका कारखान्यात ती काय काम करते, हे मी कधी नीट विचारलंच नव्हतं. गाड्यांना चिकटवायच्या पट्ट्या आणि असे बाहेरचे भाग यांना टेप लावायचं काम ती सहा वर्षं करतेय!

मग तिनं आम्हाला समजावलं. हे भाग नट-बोल्टानं न बसवता चिकटवतात याला कारण आहे. भोकं पाडली की पत्र्याला गंज लागतो, पाणी झिरपतं, भाग खडखडतो आणि सगळा ताण दोन-चार बोल्टांवर येतो. टेप लावली की तोच ताण अख्ख्या जागेवर सारखा वाटला जातो. ही टेप म्हणजे आपल्या दुकानात मिळते ती नव्हे, दोन्ही बाजूंनी चिकटणारा अॅक्रिलिकचा फोमच तो. जागा आधी अल्कोहोलनं पुसायची, हात लावायचा नाही, टेपवरचा कागद काढायचा आणि रोलरनं दाबायचं. बसवल्यावर लगेच गाडी धुवायची नाही, कारण पकड पूर्ण यायला तीन दिवस लागतात. "पापडाचं पीठ भिजवल्यावर मुरू द्यावं लागतं ना, तसंच," असं ती म्हणाली. एवढं निगुतीनं चिकटवलेलं एका झटक्यात कसं निघेल? टेप हटत नाही, मग तिच्या खालचा रंगच उपटून येतो.

"मग काढायचं कसं, काकू?" मित्राचा आवाज आता खाली आला होता.

पहिलं काम, म्हणाली, डिकी उघडा. आतलं अस्तर काढा आणि कुठं नट आहे का बघा. काही स्पॉयलर टेपनंही चिकटवलेले असतात आणि आतून नटानंही आवळलेले असतात. वरून कितीही शेकलं तरी ते हलणार नाहीत. आमच्या गाडीत नट नव्हते, पण ब्रेकच्या दिव्याची वायर निघाली! स्पॉयलरमध्येच दिवा होता. ओढून काढला असता तर वायर तुटली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मागच्या गाडीवाल्याला ब्रेकचा दिवा दिसला नसता, ते वेगळंच.

दुसरं काम, आजूबाजूच्या रंगावर कागदी टेप चिकटवून घ्यायची. तिसरं, शेकायचं. माझ्या लेकीचा हेअर ड्रायर बाहेर आला. एका जागी धरायचा नाही, पुढं-मागं फिरवत राहायचा. हात ठेवला तर गरम लागावं, पण ठेवता यावा, इतपतच. जास्त तापवलं तर रंग फुगतो.

आणि चौथं काम ऐकून तर मला हसूच आलं. "ताई, तुमच्याकडे तंगूस आहे का?" मोत्यांच्या माळा ओवायचा आपला नायलॉनचा तंगूस हो! आमच्या गटाच्या बायका दिवाळीत तोरणं करतात, त्यामुळे घरात रीळच होतं. दोन्ही टोकांना काडी गुंडाळून दोघांनी दोन बाजूंना धरायचं आणि करवतीसारखं हळूहळू मागं-पुढं ओढत फोमच्या मधोमध कापत जायचं. म्हणजे धागा ना रंगाला लागतो, ना स्पॉयलरला. मधल्या गादीतून तो आपली वाट काढतो. थोडं शेकायचं, थोडं कापायचं. मध्ये कुठं अडलं तर तिथं खुंटी असेल असं समजायचं, जोर करायचा नाही. आमच्याकडे दोन प्लॅस्टिकच्या खुंट्या निघाल्याच. तब्बल दीड तास लागला, पण स्पॉयलर अखंड हातात आला.

उरलेला गोंद अंगठ्यानं चोळून, जुन्या एटीएम कार्डानं सरकवून आणि शेवटी अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून काढला. माझी लेक नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन धावली होती, तिला थांबवलं. त्यातलं अॅसिटोन रंगच खाऊन टाकतं. एक मात्र सांगते, सगळेच भाग टेपवर नसतात. काही भाग पॉलियुरेथेनच्या गोंदानं बसवतात, जसा गाडीचा पुढचा काच. तिथं तंगूस चालत नाही. त्याला तार लागते, हात बसलेला कारागीर लागतो. घरी तो उद्योग करू नये.

स्पॉयलर निघाला तेव्हा खाली त्याचा ठसा दिसला. भोवतीचा रंग आपल्या मराठवाड्याच्या उन्हानं फिका पडलेला, आणि मधली पट्टी नव्या कोऱ्या गाडीसारखी गडद. भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर दिसतं ना, तसं. सगळे गप्प झाले. मग भाच्यानं खोक्यातून ती मोठी विंग काढली. तिला चार बोल्ट होते, म्हणजे डिकीला चार भोकं पाडायची. डिकीचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो.

आता मात्र मी विचारलं, "अरे, पण ही विंग करते तरी काय?"

त्यानं उत्साहानं सांगितलं, की विमानाचा पंख हवेनं वर उचलला जातो, तसा हा उलटा पंख गाडीला खाली दाबतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणजेच, माझ्या डोक्यात प्रकाश पडला, जालना रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये तो दाब जवळजवळ शून्य! तिचा खरा उपयोग रेसच्या ट्रॅकवर, तो चेन्नई नाहीतर कोइमतूरला. इथं मग उरला समृद्धी महामार्ग, तिथंही १२० ची मर्यादा. त्या मर्यादेपलीकडचा विचारच माझ्या बहिणीला रात्र रात्र झोपू देत नाही.

दुपारी आम्ही सगळेच वाचत बसलो. ऑडीनं १९९८ मध्ये टीटी नावाची देखणी गाडी आणली, तिला मागे स्पॉयलर नव्हता. जर्मनीच्या महामार्गांवर भर वेगात त्या गाड्यांचे अपघात झाले, काही जीव गेले. मग कंपनीनं गाड्या परत बोलावून जे बदल केले, त्यात मागे एक छोटा स्पॉयलर लावला. म्हणजे जी पट्टी आपल्याला नुसती शोभेची वाटते, तिच्यामागे असाही हिशेब असू शकतो.

आणि मोठ्या विंगची गोष्ट याहून जुनी. १९६९ च्या मे महिन्यात बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांच्या उंच विंगा धावता धावता मोडल्या आणि दोन्ही गाड्या कठड्यावर आदळल्या. ग्रॅहम हिल वाचले, योखेन रिंट जखमी झाले. त्याच महिन्यात पुढच्या शर्यतीत अशा उंच विंगांवर बंदी आली. पंख नुसता मोठा असून भागत नाही. तो ज्यावर उभा, त्यानं भार सोसायला हवा.

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, होऊ शकतं. म्हणून भोक पाडण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्यावं.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, जुनाच परत बसेल का?"

पुढच्या रविवारी टवक्यावर पेंटरचा हात फिरला. रंग पक्का होऊ दिला आणि मग आमच्या मैत्रिणीनं स्वतः नवी टेप लावून तो छोटा स्पॉयलर बसवून दिला. तीन दिवस गाडी आमच्याच अंगणात. भाच्यानं तिच्या हातावर पाचशे रुपये ठेवले, तेव्हा मला वाटलं ही संकोचेल. छे! तिनं ते सरळ पर्समध्ये टाकले. "कामाचे आहेत ताई, लाज कसली?" बरोबरच होतं तिचं. जी कला ती रोज आठ तास करते, तिचं मोल तिच्या गटाच्या ताईलाच इतकी वर्षं कळलं नव्हतं. लाज वाटायचीच तर ती मला. मैत्रिणींनो, आपल्या गटातली प्रत्येक बाई दिवसभर नेमकं काय काम करते, एकदा विचारून बघा. आम्ही पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घेतलाय.

बहिणीला सगळं सांगितलं. भाचा आधी रागावला, मग स्वतःच आईसमोर बसून कर्जाचे हप्ते मोजू लागला. विंग अजून विकली गेलेली नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती आमच्या गच्चीवर आहे. यंदाच्या कुरडया तिच्यावर काय सुरेख वाळल्यात म्हणून सांगू!