भरतीच्या पुढचा प्रश्न

धारवाडात जन्मलेल्या माधुरी कानिटकर २९ फेब्रुवारी २०२० रोजी लष्करात लेफ्टनंट जनरल झाल्या. सैन्यदलांत या दर्जाच्या हुद्द्यावर पोहोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. त्यांच्याआधीच्या दोघी, पुनिता अरोरा आणि पद्मा बंदोपाध्याय, याही डॉक्टरच. हा योगायोग नाही. वैद्यकीय सेवेत स्त्रियांना पूर्ण कारकीर्दीची संधी फार आधीपासून होती. लष्कराच्या इतर शाखांत त्या १९९२ पासून अधिकारी म्हणून आल्या, पण अल्पकालीन सेवेवर. बहुतेकींची नोकरी फार तर चौदा वर्षांत संपायची आणि तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे येत नसे. कानिटकरांच्या बढतीआधी बाराच दिवस सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया खटल्यात हा भेद चुकीचा ठरवला. उणीव कर्तृत्वात नव्हती, नियमांत होती. म्हणूनच सुरक्षा दलांतील स्त्रियांचे स्थान भरतीच्या आकड्यावरून नव्हे, बढती आणि नेतृत्वावरून जोखायला हवे.

यावर पहिला आक्षेप शारीरिक क्षमतेचा असतो: देशाच्या संरक्षणात सवलत परवडत नाही. खरेच आहे, पण सवलत मागतेय कोण? मार्च २०२१ च्या नितिशा खटल्यात उलटेच चित्र पुढे आले. पुरुषांना स्थायी नियुक्ती देताना जी तंदुरुस्ती सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी तपासली जाई, तीच स्त्रियांकडून कितीतरी वर्षांनंतर, वय उलटल्यावर मागितली गेली. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. निकष कडकच असावा, पण सर्वांना एकाच टप्प्यावर लागू व्हावा. दुसरा आक्षेप सरकारनेच पुनिया खटल्यात मांडला होता: खेड्यांतून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. न्यायालयाने तो फेटाळला, आणि ते योग्यच झाले. लष्करात हुकूम हुद्द्याचा असतो. शिवाय १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्याने इंग्रजांना हरवले आणि त्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. स्त्रीच्या नेतृत्वाखाली लढणे या मातीला नवे नाही.

त्याच कित्तूरमध्ये १९६९ पासून मुलींची सैनिकी शाळा आहे. तरीही मुलींना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देण्याची मुभा मिळायला २०२१ उजाडले, तेही न्यायालयाच्या आदेशाने. मे २०२५ मध्ये तिथून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण झाल्या. त्यांच्यापैकी किती जणी पुढे तुकडीचे नेतृत्व करतात, किती जणी मध्येच नोकरी सोडतात, हे संरक्षण मंत्रालयाने दरवर्षी जाहीर करावे. नागरिकांनीही भरतीच्या बातमीवर समाधान न मानता या हिशेबाची मागणी करावी.