बाकाची उंची

वर्गात चुळबूळ करणाऱ्या मुलास आपण चंचल ठरवितो; त्याचे पाय जमिनीस टेकले आहेत काय, हे मात्र क्वचितच पाहतो. पाय लोंबकळत राहिले, की बाकाची कड मांडीखाली रुतते, तेथील नसा व रक्तवाहिन्या दबतात आणि पायांस मुंग्या येतात. म्हणून बैठकीची उंची टाचेपासून गुडघ्यामागील लवणीपर्यंतच्या अंतराहून अधिक नसावी. बाके इयत्तेनुसार मिळतात. मुले मात्र इयत्तेनुसार वाढत नाहीत! सातवीत एकास मिसरूड फुटते, तर शेजारचा चौथीतला भासतो. ठेंगण्याच्या पायांखाली लाकडी पाट तरी ठेवता येतो. उंच मुलास मात्र पाठ वाकवूनच लिहावे लागते, आणि वर ‘ताठ बस’ हेही त्यानेच ऐकावयाचे. आमच्या मते शाळा उघडताच हजेरीपटात नावासमोर पायाचे मापही टिपावे.