औषधांची मुदत आणि उष्णतेचा हिशेब

पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्या काळातील दवाखान्यांमधले एक दृश्य आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. रबरी बुचाच्या कुपीत पांढरी भुकटी असे. डॉक्टर सुईने तीत पाणी सोडत, कुपी हलवत आणि मगच इंजेक्शन देत. कारखान्यातच पाणी घालून का ठेवत नसत?

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक कडे असते आणि जंतूंना मारण्याचे सामर्थ्य त्या कड्यात असते. पण चार अणूंच्या चौकटीत बंधांना अवघडून, जवळजवळ काटकोनात वाकून राहावे लागते. ताणलेल्या धनुष्यासारखेच ते. पाणी मिळाले की कडे तुटते, ताण सुटतो आणि उष्णता बाहेर पडते. उष्णतेच्या या जमाखर्चाला रसायनशास्त्रात एन्थाल्पी म्हणतात. अभिक्रियेत ती घटत असेल, तर ती अभिक्रिया आपोआप घडण्यास अनुकूलता लाभते. म्हणजे पाण्यात पेनिसिलिन बिघडणारच, त्याला आपला इलाज नाही. मात्र एखादी गोष्ट शक्य असणे आणि ती लवकर घडणे यांत अंतर आहे. भुकटी कोरडी ठेवली की अभिक्रियेला पाणीच मिळत नाही. शीतकपाटात ठेवली की तिची गती मंदावते.

गोळी गिळता न येणाऱ्या रुग्णाला किंवा नातवंडाला अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध दिले जाते, ते याच घराण्यातले. पाणी मिसळल्यावर त्याची मुदत प्रकारानुसार साधारण 7 ते 14 दिवसांची असते. बाटलीवरची वर्षभराची तारीख ही कोरड्या भुकटीची असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाणी घातल्याचा दिवस बाटलीवर लिहून ठेवावा.

उष्णता बाहेर टाकणाऱ्या क्रियाच आपोआप घडतात असे मात्र नाही. घरातला माठ पाहा. त्याच्या अंगावरचे पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते, म्हणून तर आतले पाणी गार होते. तरीही ही क्रिया कोणी न सांगता चालू राहते. कारण वाफेतील रेणूंना विखुरण्याची कितीतरी अधिक मोकळीक असते. या मोकळिकीचे माप म्हणजे एंट्रॉपी. अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्ज यांनी 1870 च्या दशकात हे दोन्ही हिशेब एकत्र मांडले. तापमान वाढत जाते तसे एंट्रॉपीचे पारडे जड होत जाते, हे त्यातले मर्म.

इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीच्या घरी हे मर्म फार महत्त्वाचे ठरते. इन्सुलिन हे प्रथिन. नेमक्या घड्या घातलेली साखळीच जणू. उष्णतेत त्या घड्या उलगडू लागतात, कारण मोकळ्या साखळीची एंट्रॉपी अधिक. उलगडलेल्या साखळ्या मग एकमेकींत गुंततात. उकडलेले अंडे गार केले तरी पुन्हा पातळ होत नाही. तापलेली कुपी शीतकपाटात परत ठेवण्याने काही साधत नाही, ते याचमुळे. पाणी स्वच्छ दिसले म्हणून औषध शाबूत आहे असेही समजू नये.

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. वापरातील कुपी खोलीच्या तापमानाला बहुधा 4 आठवडे चालते. नेमकी मुदत सोबतच्या पत्रकात पाहावी. वीज गेल्यास शीतकपाटाचे दार उघडू नये. बंद दाराआड सुमारे 4 तास गारवा टिकतो.

चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मुला-सुनांना महिन्याची औषधे एकदम आणणे सोयीचे पडते, ते समजण्याजोगे आहे. फक्त ती दुपारी उन्हात उभ्या मोटारीत राहू नयेत, आणि घरी गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवू नयेत. ॲस्पिरिनच्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला, तर हवेतल्या ओलाव्याने त्यांचे विघटन सुरू झाले आहे असे समजावे व त्या बदलून घ्याव्यात. इन्सुलिन तापल्याची शंका आली तर मात्रा आपल्या मनाने वाढवू किंवा बंद करू नये. रक्तातील साखर तपासावी, नवी कुपी आणावी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.