कर्करोगावरील उपचारकाळातील बोधात्मक अडचणी : व्यायाम व बौद्धिक सराव यांची उपयुक्तता (वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

कर्करोगावरील उपचार सुरू असताना व त्यानंतरही अनेक रुग्णांना स्मरण, अवधान आणि नियोजन यांत अडचणी जाणवतात. प्रस्तुत लेखात या अडचणींचे स्वरूप, त्यांची संभाव्य कारणे आणि त्यांवर व्यायाम व बौद्धिक सराव कितपत उपयोगी पडतात, याचा आढावा घेतला आहे. उपलब्ध संशोधनानुसार या दोन्ही उपायांनी रुग्णाला जाणवणारा त्रास बऱ्याचदा कमी होतो. परंतु चाचण्यांतील गुणांमध्ये तेवढी सुधारणा नेहमी दिसत नाही. या विसंगतीचा अर्थ काय आणि वर्ध्यासारख्या ग्रामीण जिल्ह्यात त्यावरून कोणती दिशा घेता येईल, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : कर्करोग, रसायनोपचार, बोधात्मक क्षमता, व्यायाम, बौद्धिक सराव, वर्धा जिल्हा.

१. प्रस्तावना

कर्करोगाच्या उपचारांविषयी बोलताना केस गळणे, मळमळ, अशक्तपणा आणि खर्च या गोष्टींचा उल्लेख हमखास होतो. त्यामानाने एका त्रासाची वाच्यता फारच कमी होते. बचत गटाच्या वहीतील बेरीज पुन्हा पुन्हा चुकते, दूध गॅसवर ठेवल्याचे लक्षात राहत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठावर येऊन अडते, वर्गात शिकवताना वाक्याचा धागा मध्येच सुटतो. रुग्ण ही गोष्ट डॉक्टरांना सांगत नाही, कारण जिवावरच्या दुखण्यापुढे ती क्षुल्लक वाटते. घरची मंडळी तिला वेंधळेपणा किंवा काळजीचा परिणाम समजतात. परिणामी ज्या माणसाचा शरीरावरचा भरवसा आधीच डळमळला आहे, त्याचा स्वतःच्या बुद्धीवरचाही विश्वास कमी होऊ लागतो.

जागतिक अंदाजांनुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आढळले; त्यांपैकी सुमारे १.९२ लाख स्तनाच्या कर्करोगाचे होते. वर्धा जिल्ह्यापुरते पाहिल्यास सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय, तसेच सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी केंद्रे जिल्ह्यातच आहेत. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयही फार दूर नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत जिल्ह्याची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सेवाग्रामच्या संस्थेत होते. अशा नोंदणीतून किती जणांना कोणता कर्करोग झाला हे कळते. उपचारानंतर माणूस आपले रोजचे हिशेब, शेती, नोकरी आणि नाती कशी सांभाळतो, हे मात्र त्या आकड्यांतून कळू शकत नाही. प्रस्तुत विषयाचे महत्त्व येथेच आहे.

२. अडचणींचे स्वरूप व व्याप्ती

या अडचणींना इंग्रजी वैद्यकीय बोलीत ‘केमोब्रेन’ असे नाव रूढ झाले. नाव सुटसुटीत असले तरी पुरेसे अचूक नाही. रसायनोपचार सुरू होण्यापूर्वीच काही रुग्णांची चाचण्यांतील कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. संप्रेरक उपचार, शस्त्रक्रिया आणि खुद्द आजार यांचाही त्यात वाटा असू शकतो. त्यामुळे संशोधक आता ‘कर्करोगसंबद्ध बोधात्मक अडचणी’ अशी व्यापक संज्ञा वापरतात. मेंदूच्या गाठी व डोक्यावरील किरणोपचार यांमुळे उद्भवणाऱ्या समस्या वेगळ्या स्वरूपाच्या असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

नेदरलँड्समधील व्हॅन डॅम व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तुलना केली. उच्च मात्रेचा रसायनोपचार घेतलेल्यांपैकी ३२ टक्के, प्रमाणित मात्रा घेतलेल्यांपैकी १७ टक्के आणि रसायनोपचार न घेतलेल्यांपैकी ९ टक्के रुग्णांत बोधात्मक न्यूनता आढळली. अमेरिकेत जेनेलसिन्स व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५८१ रुग्ण व ३६४ निरोगी स्त्रिया यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रसायनोपचार संपल्यानंतर सहा महिन्यांनी ३६.५ टक्के रुग्णांनी पूर्वीच्या तुलनेत लक्षणीय घट जाणवत असल्याचे सांगितले. निरोगी गटात हे प्रमाण १३.६ टक्के होते. बहुतेकांचा त्रास कालांतराने ओसरतो, परंतु सर्वांचा नाही. रॉटरडॅम येथील २०१२च्या अभ्यासात सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट व फ्लुरोयुरॅसिल हा जुना औषधसंच घेतलेल्या १९६ स्त्रियांमध्ये सरासरी २१ वर्षांनंतरही काही चाचण्यांत सूक्ष्म फरक दिसून आला.

सर्वाधिक परिणाम होतो तो अवधान, नवे शिकून लक्षात ठेवणे, विचारांचा वेग आणि एकाच वेळी अनेक कामांची आखणी करणे या क्षमतांवर. हा स्मृतिभ्रंश नव्हे. रुग्णाची ओळख, भाषा, विवेक शाबूत असतात. केवळ पूर्वी सहज होणाऱ्या कामाला आता कष्ट पडतात.

३. संभाव्य कारणे

या अडचणींचे एकच कारण सांगता येत नाही. काही औषधे व आजार यांमुळे शरीरात दाहजनक द्रव्यांचे प्रमाण वाढते आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मिशेल मोन्जे यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांत एक यंत्रणा दाखवली. मेथोट्रेक्सेटमुळे मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी चेतवल्या जातात आणि चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण घडवणाऱ्या पेशींचे कार्य बिघडते. आवरण क्षीण झाले की संदेशवहनाचा वेग मंदावतो.

यांखेरीज काही कारणे अशी आहेत, की ज्यांवर सध्याच्या व्यवस्थेतही इलाज करता येतो. रक्तक्षय, झोपेचा अभाव, वेदना, नैराश्य, थायरॉईडचे विकार, तसेच मळमळ थांबवण्यासाठी वा झोपेसाठी दिलेली औषधे ही त्यांची उदाहरणे होत. आपल्याकडील स्त्रियांमध्ये रक्तक्षय मुळातच मोठ्या प्रमाणावर असल्याने त्याकडे विशेष लक्ष देणे आवश्यक ठरते. म्हणून विसरभोळेपणाची तक्रार आल्यास व्यायाम किंवा सराव सुचवण्यापूर्वी ही कारणे तपासणे ही पहिली पायरी होय.

४. व्यायामाची उपयुक्तता

व्यायामाने मेंदूला लाभ होतो, या विधानाला निरोगी व्यक्तींच्या बाबतीत चांगला आधार आहे. एरिक्सन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १२० वयस्क व्यक्तींचा अभ्यास केला. वर्षभर नियमित चालणाऱ्या गटात स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. केवळ ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ते घटले. मात्र हा निष्कर्ष कर्करोगाच्या रुग्णांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

नेदरलँड्समध्ये रसायनोपचार घेतलेल्या व बोधात्मक तक्रारी असलेल्या १८१ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिने, आठवड्याला चार तास व्यायाम असे तिचे स्वरूप होते. स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. तथापि व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या तक्रारी, थकवा व नैराश्य कमी झाले आणि जीवनमान सुधारले. ज्यांना अतिशय थकवा होता, त्यांच्या चाचण्यांतही सुधारणेची चिन्हे दिसली. कॅनडात रसायनोपचार सुरू असतानाच एरोबिक व्यायाम दिलेल्या ५७ स्त्रियांच्या चाचणीतही हाच नमुना आढळला : स्वतःला जाणवणारी कार्यक्षमता सुधारली, चाचण्यांचे गुण फारसे बदलले नाहीत.

योगासनांविषयी भारतीय पुरावा उपलब्ध आहे. बंगळूर येथील संशोधकांनी किरणोपचार घेणाऱ्या ८८ रुग्णांवर केलेली सहा आठवड्यांची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत योगगटाच्या भावनिक स्थितीबरोबरच रुग्णांनी स्वतः नोंदवलेल्या बोधात्मक कार्यातही सुधारणा आढळली. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०० स्त्रियांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या हठयोग चाचणीत, कार्यक्रम संपल्यानंतर तीन महिन्यांनी योगगटाच्या बोधात्मक तक्रारींचे गुण प्रतीक्षा गटापेक्षा २३ टक्क्यांनी कमी होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०२२ मध्ये सादर केलेली योगविषयक मोठी चाचणी आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. तिचा मुख्य प्रश्न रोगमुक्त आयुष्य व जीवनमान हा होता. स्मरणशक्तीसाठी तिचा दाखला देणे योग्य नव्हे.

५. बौद्धिक सरावाची उपयुक्तता

बौद्धिक सरावाचे दोन प्रकार संभवतात. एका प्रकारात दुबळी झालेली क्षमता क्रमाक्रमाने कठीण होत जाणाऱ्या अभ्यासांनी बळकट करण्याचा प्रयत्न असतो. दुसऱ्या प्रकारात त्या क्षमतेवरील भार युक्तीने कमी केला जातो.

पहिल्या प्रकारात मुख्यतः संगणकावरील अभ्यासांचा वापर झाला आहे. २०१३ मध्ये केस्लर व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ४१ स्त्रियांना १२ आठवडे असा सराव दिला असता विचारांची लवचीकता व वेग यांत वाढ आढळली. ऑस्ट्रेलियातील २४२ व्यक्तींच्या २०१७च्या चाचणीत १५ आठवड्यांच्या सरावानंतर सहभागींच्या तक्रारी कमी झाल्या व हा लाभ सहा महिन्यांनीही टिकून होता. चाचण्यांच्या गुणांत मात्र नियंत्रण गटाहून विशेष फरक नव्हता.

६. विसंगतीचा अर्थ

व्यायाम असो वा सराव, रुग्णाला बरे वाटते आणि चाचणी मात्र ‘फरक नाही’ असे सांगते. याची तीन स्पष्टीकरणे संभवतात. पहिले, चाचणी शांत खोलीत, एका वेळी एकच काम देऊन घेतली जाते. रोजच्या धकाधकीतील अडचण तीत उमटत नाही. दुसरे, सुधारणा प्रथम थकवा, झोप व मनःस्थिती यांत होते आणि त्यामुळे आहे तीच बुद्धी अधिक सहजतेने वापरता येते. तिसरे, आपण उपचार घेत आहोत याची सहभागी व्यक्तीला जाणीव असल्याने अपेक्षेचाही परिणाम होतो. ही तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

व्यवहारात यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ‘व्यायाम करा, स्मरणशक्ती पूर्ववत होईल’ असे आश्वासन कोणी देऊ नये. कारण ते फोल ठरल्यास रुग्ण स्वतःलाच दोष देतो. त्याचबरोबर ‘चाचणी चांगली आहे, तुम्हाला काही झालेले नाही’ असे म्हणून तक्रार मोडीत काढणेही तितकेच चुकीचे आहे. अमेरिकेतील वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये बरे करण्याच्या उद्देशाने उपचार सुरू असतानाच व्यायाम सुचवावा अशी शिफारस केली, ती प्रामुख्याने थकवा, चिंता व जीवनमान यांसाठी. रुग्णाच्या दृष्टीने तेवढा लाभही मोलाचा आहे.

७. वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात विचार

या संशोधनातील बहुतेक चाचण्या शिक्षित, शहरी व संगणक हाताळणाऱ्या समाजात घडल्या. अंक व अक्षरे क्रमाने जोडण्याची प्रचलित चाचणी शाळेत न गेलेल्या स्त्रीच्या आजाराचे मापन करत नाही, तिच्या निरक्षरतेचे करते. १९९५ मध्ये बल्लभगढ येथील ग्रामीण लोकांसाठी हिंदीत अशी मानसिक स्थितीची चाचणी घडवण्यात आली, तेव्हा निरक्षरांना उत्तरे देता येतील असे प्रश्न जाणीवपूर्वक योजले गेले. विदर्भातील बोलीभाषा व जीवनक्रम ध्यानात घेऊन असेच काम कर्करोगाच्या रुग्णांसाठी होणे गरजेचे आहे.

व्यायामाच्या बाबतीत चालणे हा सर्वांत सुलभ प्रकार होय. रसायनोपचाराची आवर्तने सामान्यतः १४ किंवा २१ दिवसांची असतात. औषध दिल्यानंतरचे काही दिवस थकवा अधिक असतो. त्या दिवसांत घरातल्या घरात दहा मिनिटे, पुढे हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत, अशी चढउताराची आखणी करणे इष्ट. वर्ध्याचा उन्हाळा लक्षात घेता एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयाच्या सुमारासच चालणे योग्य. ताप, रक्तातील पेशींचे प्रमाण घटणे, हाडांत पसरलेला रोग, चक्कर, छातीत दुखणे अशा स्थितीत डॉक्टरांच्या परवानगीशिवाय व्यायाम करू नये. शेतकामाचे कष्ट म्हणजे व्यायाम, हा समजही तपासून पाहावा लागेल. दिवसभर वाकून केलेल्या निंदणात श्रम असतात, पण रुग्णाला पेलेल असे नियंत्रण व विश्रांती नसते.

बौद्धिक सरावासाठी संगणक अपरिहार्य नाही. क्रमशः वाढणारी काठिण्यपातळी, चूक लगेच लक्षात येणे आणि नियमितपणा ही सरावाची तत्त्वे होत. आठवडी बाजाराची यादी आधी पाच, मग आठ वस्तूंची मनात ठेवून नंतर चिठ्ठीशी ताडून पाहणे, पावकी-निमकीचे पाढे उलट म्हणणे, ऐकलेली बातमी दुसऱ्याला क्रमाने सांगणे हे अभ्यास घरीही करता येतील. येथे एक भेद ध्यानात ठेवावा : वर्षानुवर्षे पाठ असलेला हरिपाठ म्हणण्याने मनाला शांती लाभते, परंतु नव्या स्मरणाचा सराव होत नाही, त्यासाठी नवा अभंग पाठ करावा लागतो. हे अभ्यास प्रस्तुत लेखिकेचे प्रस्ताव आहेत, सिद्ध उपचार नव्हेत. युक्तीच्या प्रकारात एकच वही, चष्मा व किल्ल्यांची ठरलेली जागा, एका वेळी एकच काम, आणि हिशेबाची कामे सकाळच्या ताज्या वेळी, एवढ्या गोष्टी पुरेशा होतात.

८. महाविद्यालयांची भूमिका

या कामात महाविद्यालयांना निश्चित स्थान आहे. मानसशास्त्र व मराठी विभाग मिळून सोप्या बोलीतील प्रश्नावली सिद्ध करू शकतात. शारीरिक शिक्षण विभाग रुग्णालयाच्या सल्ल्याने चालण्याचे श्रेणीबद्ध वेळापत्रक तयार करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आर्वी, आष्टी, समुद्रपूर यांसारख्या तालुक्यांतील रुग्णांना आठवड्यातून एकदा सोबत करू शकतात. अर्थात रुग्णांवर कोणताही अभ्यास करताना रुग्णालयाच्या नीतिविषयक समितीची मान्यता व रुग्णाची संमती अनिवार्य आहे.

उपचार घेऊन परतलेले सहकारी व विद्यार्थी आपल्यामध्येही असतात. प्राध्यापकाला सलग तीन तासिका न देणे, बैठकीतील निर्णय लेखी देणे, विद्यार्थ्याला परीक्षेत वाढीव वेळ मिळवून देणे या गोष्टींना खर्च लागत नाही. त्रास खरा आहे हे मान्य करावे लागते.

९. समारोप

उपचारकाळातील बोधात्मक अडचणी वास्तव आहेत, बहुधा सौम्य आहेत आणि अनेकांच्या बाबतीत कमी होणाऱ्या आहेत. सुधारता येणाऱ्या कारणांचा शोध, पेलेल असा नियमित व्यायाम, दैनंदिन जीवनातील सराव व युक्त्या असा क्रम सध्याच्या ज्ञानाशी सुसंगत ठरतो. त्यांपैकी व्यायामाचा आधार तुलनेने भक्कम आहे, तर मराठी भाषकांसाठीच्या बौद्धिक सरावाची शास्त्रीय पडताळणी व्हावयाची आहे. मोठी रुग्णालये, कर्करोग नोंदणी आणि महाविद्यालये एकाच जिल्ह्यात असल्याने ही पडताळणी वर्ध्यात होऊ शकते. तिची सुरुवात रुग्णाला ‘हल्ली लक्षात राहते ना?’ हा प्रश्न विचारून आणि त्याचे उत्तर नोंदवून करता येईल.