सतरा वर्षांच्या मुलाचं 'अ‍ॅनिमल्स'

अ‍ॅम्स्टलव्हीन हे अ‍ॅमस्टरडॅमला खेटून असलेलं गाव. गेल्या काही वर्षांत इथे इतके भारतीय राहायला आलेत, की ट्राममध्ये मराठी कानावर पडलं तरी आता कुणी वळून बघत नाही. पण नव्यानं आलेल्या आपल्या लोकांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. जगभर गाजलेल्या 'अ‍ॅनिमल्स'चा कर्ता मार्टिन गॅरिक्स याच गावात जन्मला.

जन्म मे 1996 चा. जून 2013 मध्ये 'अ‍ॅनिमल्स' आलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता. म्हणजे आपल्याकडे बारावीच्या क्लासला जायचं वय! सुरुवातीला कंपनीनं कर्त्याचं नावच जाहीर केलं नव्हतं. एवढं पक्कं काम म्हणजे कुणीतरी मुरलेला डीजे असणार, असे तर्क चालले होते. नाव कळल्यावर लोक थक्क झाले. नोव्हेंबरात हे गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. अमेरिकेच्या यादीत ते 21व्या क्रमांकापर्यंत गेलं.

गाणं म्हणावं, तर त्यात शब्द जवळपास नाहीतच. ज्यांनी पुण्यात ढोल-ताशा ऐकलाय त्यांना मात्र ते लगेच कळेल. ताशाची तर्री चढत जाते, श्वास रोखला जातो, क्षणभर सगळं थांबतं आणि मग ढोल एकदम पडतो, तसंच. इथे ढोलाच्या जागी लाकडावर ठोकल्यासारखा एक कोरडा, पोकळ आवाज येतो. नाकं मुरडणारेही होते. 'यात गाणं कुठंय?' हा प्रश्न फक्त आपल्याकडचे आजोबाच विचारतात असं नाही.

पण हा देश या संगीताकडे थिल्लर म्हणून बघत नाही. त्याच वर्षी 30 एप्रिलला राजे विलेम-अलेक्झांडर गादीवर आले. त्या संध्याकाळी अ‍ॅमस्टरडॅमला पाण्याकाठी कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्राबरोबर डीजे आर्मिन फान ब्युरेन वाजवत होता आणि नवे राजे-राणी मुलींना घेऊन थेट मंचावर गेले. हा आर्मिन कायद्याचा पदवीधर, बरं का. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात टिएस्टो हा डच डीजे वाजवत होता. ते टीव्हीवर पाहून आठ वर्षांच्या मार्टिननं ठरवलं, आपल्याला हेच करायचंय.

ठरवलं, आणि पुढे त्यासाठी शाळाही मिळाली! उट्रेख्टची हर्मन ब्रोड अकादमी. तिथे पॉप संगीत रीतसर शिकवतात. पण ती 'एमबीओ' म्हणजे व्यवसाय शिक्षणाच्या पातळीवरची आहे, आणि इथेच आपल्या घरांत ठिणगी पडते. इथे बाराव्या वर्षाच्या आसपास मुलाची वाट ठरू लागते. विद्यापीठाकडे जाणारी 'व्हीडब्ल्यूओ', मधली 'हावो' आणि व्यवसायाकडे नेणारी 'व्हीएमबीओ'. मराठी पालक भेटले की तिसऱ्या मिनिटाला विषय यावरच येतो.

आमचा मुलगा 16 वर्षांचा, हावोत शिकतो. त्याला त्या अकादमीची प्रवेशचाचणी द्यायचीय. साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर सासरे म्हणाले, "डीजे म्हणजे वरातीत ट्रॅक्टरवर भिंत लावतात तो? त्याला शाळा कशाला पाहिजे?" आम्ही हसलो, पण त्यांच्या काळजीत तथ्य आहेच. हजारो मुलं लॅपटॉपवर हेच करतायत. त्यातला गॅरिक्स एखादाच. गेल्या वर्षी, 14 मार्च 2025 ला, धुळवडीच्या दिवशी तो नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेला, तेव्हा सासऱ्यांनीच फोन केला, "अहो सूनबाई, तो तुमच्या गावचा पोरगा इथं आलाय की!" मात्र नातवाचा विषय त्यांनी काढला नाही.

मला या सगळ्या कथेत गाण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा भाग. गॅरिक्सनं कंपनीशी करार केला तेव्हा तो अल्पवयीन होता. गाणं गाजलं, पण त्याच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाचे, यावरून वाद झाला. 2015 मध्ये त्यानं कंपनी सोडली, कोर्टात गेला. 2017 मध्ये डच न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. तोवर त्यानं स्वतःची कंपनीही काढली होती आणि 2016 मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, 'डीजे मॅग'च्या यादीत तो जगात पहिला आला होता.

म्हणजे पोराच्या कानात सूर असला की भागत नाही. शाळा लागते, कागद वाचणारं कुणीतरी लागतं. 'कर बाबा तुला हवं ते' म्हणून मोकळं होणं सोपं, 'अजिबात नाही' म्हणणं त्याहून सोपं. आमच्या घरी सध्या तिसरंच ठरलंय. हावो पूर्ण करायचं, मग चाचणी द्यायची, आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो आम्ही तिघांनी, डिक्शनरी घेऊन का होईना, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. मुलगा म्हणाला, "चालेल, पण हेडफोन नवा हवा." त्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.